खरात सरांच्या गाडीचं ॲव्हरेज

आमच्या स्टाफरूममध्ये खरात सरांना "जेवलात का?" असं विचारायची सोय नव्हती. विचारलं की ते डबा उघडा ठेवून विचारात पडायचे आणि म्हणायचे, "म्हंजे कवापासून धरून?" सकाळी भाकरी खाऊन निघालेला माणूस दुपारी डबा उघडून बसलाय, तो जेवलेला आहे की नाही, हा प्रश्न त्यांना खरोखर अवघड वाटायचा. सुरुवातीला मला वाटायचं की ते चेष्टा करतात. पुढं लक्षात आलं की या माणसाला चेष्टा करताच येत नाही.

मी जालन्याची. लग्नानंतर भोकरदनला आले आणि तिथल्या ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायला लागले, तेव्हा सर तिथं फिजिक्स शिकवत होते. उंच, किंचित वाकलेले, पांढरा हाफ शर्ट, खिशात स्क्रू-ड्रायव्हर. पेन मात्र रोज कुणाचं तरी मागायचे. वर्गात खडूनं आणि वर्गाबाहेर ग्रीसनं माखलेले हात. विचार करायची वेळ आली की उजव्या कानाची पाळी चिमटीत धरून खाली ओढायचे. "थांबा, थांबा. गडबड करू नका," असं समोरच्याला सांगायचे, समोरचा बिचारा गप्प उभा असायचा.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "अभ्यासक्रम किती झाला?" सर म्हणाले, "माझा झाला. पोरांचा न्हाई झाला." प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. नंतर आत बोलावून ते सरांना काय बोलले कोण जाणे, पण बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, "मॅडम, तुमी मराठीच्या. यात चुकीचं काय बोललो मी?" चुकीचं काहीच नव्हतं. पण ते बोलायचं नसतं, हे मराठीत कसं समजावतात ते मला तरी माहीत नव्हतं.

सरांचे वडील मेंढपाळ होते. पावसाळा सरला की कळप घेऊन बाहेर पडायचे ते थेट पुढच्या पावसाच्या तोंडाशी परतायचे. वडील दिवसाला किती चालायचे, असं मी एकदा सहज विचारलं होतं. सर म्हणाले, "कोणी सांगावं? मेंढरू थांबलं तं बाप थांबला. चारा घावला तं दिवसभर तिथंच. न्हाई घावला तं रात होईपर्यंत चाल." आणि थोड्या वेळानं स्वतःशीच, "याची सरासरी काढून काय उपेग?"

या स्वभावानं घरात एकदा मोठा घोळ झाला. मोठ्या मुलीला, मंगलला, बघायला पाहुणे आले होते. चांगलं स्थळ होतं. मुलाच्या मामांनी पद्धत म्हणून विचारलं, "मुलगी सैपाक चांगला करती ना?" सगळ्या बापांनी आजवर जे उत्तर दिलंय तेच द्यायचं होतं. सरांनी कानाची पाळी धरली आणि म्हणाले, "आमच्या तोंडाला बराबर लागतो. तुमच्या तोंडाला कसा लागंल, ते मी कसं सांगू?" पाहुणे पोहे खाऊन गेले, आणि निरोप काही आला नाही. गयावहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, दोन दिवस सरांशी बोलल्या नाहीत. मंगल मात्र मला म्हणाली, "काकू, खरं सांगू का? मला हसू यायलं होतं. आन रडू बी यायलं होतं." पुढं तिचं लग्न दुसरीकडं झालं, चांगलं झालं. पण त्या बैठकीला वहिनींनी सरांना चहा आणायच्या निमित्तानं आतच बसवून ठेवलं होतं.

तर अशा माणसानं अशी गाडी बनवली, की जिच्याबद्दल लोक एकच प्रश्न विचारणार आणि त्या प्रश्नाला एक उत्तर नाही.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. सरांनी एका डॉक्टरांची जुनी पेट्रोलची मोटार घेतली. जालन्याच्या भंगारातून एक विजेची मोटर आणली. कुठल्याशा कारखान्यात माल वाहणाऱ्या बॅटरीच्या ट्रॉलीची होती ती. बसस्टँडजवळ बाबूभाईंचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. सर आणि बाबूभाई दोघांनी मिळून ती मोटर पट्टा लावून गाडीच्या मागच्या चाकांच्या दांड्याला जोडली. डिकीत ट्रकच्या बॅटऱ्या बसवल्या. त्या तिथं मावेनात म्हणून मागची अर्धी सीट कापून उरलेल्या तिथं ठेवल्या. घरच्या खिडकीतून वायर काढून बॅटऱ्या चार्ज करायच्या, त्यावर गाडी पळवायची, आणि बॅटऱ्या संपल्या की बटन फिरवून पेट्रोलवर घ्यायची. लोडशेडिंगचे दिवस. लाईट आली की वहिनी आधी गिरणीत दळण पाठवायच्या आणि सर आधी गाडीची वायर जोडायचे.

हे काम दोघांनी जवळपास वर्षभर केलं. बाबूभाई तर इतके गुंतले की ट्रकवाले गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाऊ लागले. भाबी ओरडायच्या. बाबूभाई म्हणायचे, "ये गाडी एकदा चालू दे, मंग बघ, जालन्यात दुकान टाकतो."

गाडी चालली. बॅटरीवर असली की आवाज न करता चालायची. आठवडी बाजारात माणसं दचकून बाजूला व्हायची. आणि जो तो एकच विचारायचा, "सर, ॲव्हरेज काय देती?"

सर थांबायचे. गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायचे. "कुठं जायचं तुमाला?" असं उलट विचारायचे. विचारणारा म्हणायचा, "मला कुठंच न्हाई जायचं सर, ॲव्हरेज विचारून राह्यलो." मग सर समजावू लागत. गावातल्या गावात फिरलं तर पेट्रोल लागतच नाही, म्हणजे ॲव्हरेज काढताच येत नाही. लांब गेलं तर अर्ध्या वाटेत बॅटऱ्या संपतात, आणि मग ते सगळं ओझं पेट्रोलनं ओढायचं. शिवाय लाईट जळली ती वेगळीच. लिटरमध्ये युनिट कसे मिळवायचे? विचारणारा तोवर निघून गेलेला असायचा.

हा प्रश्न त्यांनी मलाही घातला होता. "मॅडम, लिटर आन युनिट, यांची बेरीज कशी करायची?" मी म्हटलं, "सर, मी मराठी शिकवते." ते म्हणाले, "म्हणूनच विचारलं. गणितवाल्यानं लगेच उत्तर दिलं. मला काही ते पटलं न्हाई."

मोजायची त्यांची रीत मात्र कडक होती. पंपावर जाऊन टाकी गळ्यापर्यंत भरायची. मग सर गाडीला खांदा लावून ती डावी-उजवी हलवायचे, आत कुठं हवा अडकली असेल तर निघून जावी म्हणून. पुन्हा थेंब-थेंब भरायचं. गाडी फिरवून आणायची, तसंच हलवून पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. जेवढं मावलं तेवढं गाडी प्यायली. पंपावरची माणसं त्यांना बघून हसायची. सर गाडी हलवताना इतके गंभीर असायचे की हसणारे नंतर स्वतःच येऊन दुसऱ्या बाजूनं खांदा लावायचे.

बाबूभाईंनी जालन्याच्या एका शेठजींना या गाडीची बातमी पोचवली. लालचंदशेठ म्हणत त्यांना. गाड्या विकायचा धंदा, माणूस सभ्य. त्यांचं म्हणणं होतं की हेच सामान जुन्या गाड्यांना बसवून द्यायचं, बाबूभाईंनी बसवायचं, सरांनी शिकवायचं. एका शनिवारी सकाळी ते स्वतः गाडी बघायला आले.

आधी सर, शेठ आणि बाबूभाई जाफराबादला जाऊन आले. जाताना टाकी गळ्यापर्यंत, आल्यावर परत गळ्यापर्यंत. बहुतेक रस्ता बॅटरीवरच झाला होता, पेट्रोल लागलं ते परतीच्या शेवटच्या टप्प्यात. शेठनी हिशेब केला आणि उभ्या उभ्या म्हणाले, "लिटरला ऐंशी! खरात साहेब, हा आकडा मी बोर्डावर लिहिणार!" बाबूभाईंनी सरांना मिठीच मारली.

इथंच थांबायचं होतं. पण सर म्हणाले, "शेठ, आता जालन्याला चला. तुमाला तसंबी घरी जायचंच हाय."

त्या दिवशी मला आईकडं जालन्याला जायचं होतं. बसची वाट बघत उभी होते, तर सरांनी गाडी थांबवली. "मॅडम, बसा." बॅटऱ्यांच्या शेजारी जी अर्धी सीट उरली होती, तिथं गुडघे एका बाजूला करून मी बसले. ॲसिडचा वास येत होता. पुढं शेठ बसले होते. बाबूभाई शेठच्या पांढऱ्या गाडीतून त्यांच्या मॅनेजरबरोबर मागून येत होते. राजूरजवळ आमची गाडी हळू झाली तेव्हा मी मागं वळून बघितलं. बाबूभाई काच खाली करून हात हलवत होते. एवढे खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

बॅटऱ्या तर सकाळीच संपल्या होत्या. सगळा रस्ता पेट्रोलवर. शेठ वाटेत आपल्या दुकानाच्या गोष्टी सांगत होते, सर "हाव, हाव" करत चालवत होते. जालन्याच्या पंपावर सरांनी गाडीला खांदा लावला. शेठही उतरून बघू लागले. पेट्रोल जातच होतं, जातच होतं.

"अकरा," सर म्हणाले.

"अकरा काय?"

"लिटरला अकरा."

शेठना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "आणि बॅटऱ्या नसत्या तर?"

"तेरा. चवदा बी दिली असती. बॅटऱ्याचं वजन हाय ना."

शेठ पंपाच्या कठड्यावर बसले. "मग सकाळचे ऐंशी खोटे?"

"न्हाई शेठ. ते बी खरे हायत. पर त्याच्यात लाईटीचा खर्चा धरला न्हाई. ती काय फुकट पडती का आभाळातून?"

"अहो, पण यातलं खरं कोणतं?"

"दोन्ही."

"मी बोर्डावर दोन्ही कसं लिहू?"

"बोर्ड काहून लिहिता? गिऱ्हाइकाला विचारा ना आधी, बाबा, तू रोज कुठं जातो?"

शेठ शांतपणे म्हणाले, "खरात साहेब, दुकानात प्रश्न गिऱ्हाईक विचारतं. दुकानदार नाही विचारत." त्यांनी सगळ्यांना चहा पाजला, कळवतो म्हणाले आणि गेले.

बाबूभाई कपात बघत बसले होते. "सर," ते म्हणाले, "शेठनं जालन्याचं इचारलं होतं का?"

"न्हाई."

"मंग?"

"गाडी जालन्याला बी जाती ना बाबू."

"अपनी गाडी जाफराबादला गेल्ती! बराबर गेल्ती! वहीं थांबायचं होतं." बाबूभाईंचा आवाज फाटला. "साल झालं सर. साल. माझं दुकान बसलं." ते उठले आणि एकटेच बसस्टँडकडं चालू लागले. सर त्यांच्या मागं चार पावलं गेले, परत आले, पुन्हा गेले. मग गाडीपाशी येऊन उभे राहिले. मला म्हणाले, "मॅडम, तुमाला उशीर होऊन राह्यला." एवढंच.

महिन्याभरानं शेठनी निरोप पाठवला, पण तो एकट्या बाबूभाईंना. जालन्याला येऊन राहा, तू बसव, मी विकतो. बाबूभाई गेले. जायच्या आधी सरांकडं येऊन दारातच उभे राहिले, आत येईनात. सरच बाहेर आले. मला वाटलं आता भांडण होणार. सर म्हणाले, "पट्टा ताणून बसव. ढिला राह्यला तं चढावर घसरतो. आन वायर जाड घे, गरम होती." आणि सोबत दोन स्पॅनर दिले. जालन्यात बोर्ड लागला: लिटरला ऐंशी.

मी चक्रावून गेले. दुसऱ्या दिवशी विचारलं, "सर, तो आकडा खोटा आहे ना? मग तुम्ही मदत का करता?"

"खोटा न्हाई मॅडम. जाफराबादला जाऊन येणाऱ्याला खराच हाय."

"आणि औरंगाबादला जाणाऱ्याला?"

"त्याला खोटा हाय."

"मग शेठसमोर तेव्हाच ऐंशीवर हो म्हणायचं होतं."

सरांनी कानाची पाळी ओढली. घंटा झाली, मुलं वर्गात गेली, तरी सर तसेच. "तेच मला बी कळून न्हाई राह्यलं," ते म्हणाले आणि खडू उचलून गेले.

जालन्यात दोनच गाड्या झाल्या. एक घेतली बदनापूरच्या एका दुकानदारानं. त्याचं घर, स्टेशन, दुकान आणि शेत सगळं हाकेच्या अंतरावर. दुसरी घेतली काकडे नावाच्या भोकरदनच्याच माणसानं. तो औरंगाबादला पॅसेंजर न्यायचा. आणि योग असा की दोघंही एकाच दिवशी बाबूभाईंकडं पोचले.

त्या दिवशी मी वहिनींकडं विरजण मागायला गेले होते. सर ओट्यावर बसले होते. बाबूभाई पिशवी घेऊन आले, बसनंच आले होते. शर्टाची वरची दोन बटनं तुटलेली. ओट्यावर बसले. पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढून सरांसमोर ठेवला.

"ह्ये कशाचं?" सर म्हणाले.

"बदनापूरवाल्यानं दिला. म्हणतो, बाबूभाई, पेट्रोल भरायचं विसरून गेलो, एवढी चांगली गाडी. गळ्यात पडला." बाबूभाईंनी शर्टाला हात लावला. "आन ह्ये काकडेनं. म्हणतो, तू मला बुडवला. कॉलर धरली, सगळ्यांसमोर. एकच गाडी सर. एकच बोर्ड. दोन्ही मी माझ्या हातानं बनवल्या, एकसारख्या. मंग मी चोर हाय का साव हाय? तुमीच सांगा."

वहिनी पाणी घेऊन आल्या त्या तिथंच उभ्या राहिल्या. सर काहीतरी बोलतील, निदान 'मी म्हणत न्हवतो का' एवढं तरी म्हणतील, असं मला वाटलं. त्यांनी पुड्यातला एक पेढा घेतला, अर्धा करून बाबूभाईंना दिला. म्हणाले, "उद्या रविवार हाय. काकडेकडं जाऊ."

दुसऱ्या दिवशी दोघं काकड्याच्या दारात गाडीखाली आडवे झाले. मोटर काढली, पट्टा काढला, बॅटऱ्या उचलून बाहेर ठेवल्या. काकडे डोक्याशी उभा राहून शिव्या देत होता. सगळं काढून झाल्यावर सर उठले, हात पुसले आणि काकड्याला म्हणाले, "चूक माझी हाय. याची न्हाई." बाबूभाई एकदम उसळले, "तुमची काहून? तुमी तर नको म्हणत होते!" सर म्हणाले, "मी कुठं नको म्हणलो? मी दोन्ही खरंय म्हणलो." काकडे कधी याच्याकडं, कधी त्याच्याकडं बघत राहिला. शेवटी बायकोला हाक मारून म्हणाला, "चहा टाक तीन कप." ही हकीकत काकड्यानंच पुढं गावभर सांगितली. त्याला त्या दोघांचं भांडण नेमकं कशावरून होतं ते शेवटपर्यंत कळलं नव्हतं.

बाबूभाई जालन्याला परत गेले नाहीत. शेठनी बोर्ड उतरवला. काकड्याचं नुकसानही भरून दिलं म्हणतात. बसस्टँडजवळचं दुकान पुन्हा उघडलं. पण ट्रकवाले पूर्वीसारखे आले नाहीत, आणि बाबूभाईंचा मुलगा शिक्षण सोडून पुण्याला कामाला गेला. ही गोष्ट सरांना फार लागली. रोज कॉलेज सुटलं की बाबूभाईंच्या दुकानात जाऊन बसायचे, वायरी सोलून द्यायचे. एखादा ट्रकवाला आला तर सर उठून त्याला खुर्ची द्यायचे.

मग सर रिटायर झाले. गाडीतल्या बॅटऱ्या केव्हाच काढून टाकल्या होत्या. आमच्या भेटी कमी होत गेल्या.

शेवटचं मी त्यांना बघितलं ते जालन्यात, डोळ्यांच्या दवाखान्याबाहेर. मी आईला घेऊन गेले होते. सर फाटकाशी उभे होते, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. खूप वाळले होते. मी नाव सांगितल्यावर ओळखलं, आणि आनंदानं माझा हात दोन्ही हातांत धरला. वहिनींची, मंगलची चौकशी झाली. मग इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, एक विचारू? त्या दिवशी मी शेठला जालन्याला आणलं. ते माझं चुकलं का?"

इतक्या वर्षांनी. चुकलं म्हणावं तर ते खोटं होतं. नाही म्हणावं तर बाबूभाईंची तुटलेली बटनं डोळ्यांसमोर येत होती.

"चुकलं सर तुमचं," मागून आवाज आला. बाबूभाई होते, हातात औषधांची पिशवी आणि गाडीची किल्ली. दाढी पांढरी झालेली. "बिलकुल चुकलं. आता बसा. ऊन व्हायलं, डोळ्याला लागंल."

सर हसले. असे हसताना मी त्यांना आधी बघितलं नव्हतं, सगळा चेहरा सैल सोडून. बाबूभाईंनी गाडीचं पुढचं दार उघडलं, सरांच्या डोक्यावर हात धरून त्यांना आत बसवलं. दार लावायला गेले, तर सरांचा हात बाहेरच राहिलेला. बाबूभाईंनी तो उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला, आणि मग दार लावलं.